विंगेतल्या स्टुलाचा वारस

मी, मार्तंड गोविंद टिल्लू, वय एकसष्ट, राहणार विलेपार्ले, आमच्या हौशी नाटक मंडळीचा बावीस वर्षांचा प्रॉम्प्टर, पूर्ण शुद्धीवर आणि राजीखुशीने पुढील व्यवस्था लिहून ठेवत आहे. परवा मंगळवारी माझं हर्नियाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, किरकोळ आहे. पोट त्यांचं नाही, म्हणून किरकोळ.

कलम १. भाड्याच्या दोन खोल्या, भांडीकुंडी आणि पोस्टातलं पुस्तक माझी पत्नी सौ. सुहासिनी हिचं. माझ्या धोतरांची तिने खुशाल पायपुसणी करावीत. निम्म्यांची केलेलीच आहेत.

कलम २. पडदा ओढणारा गुणाजी परब याला माझी ज्येष्ठमधाची डबी. मी दोनदा खोकलो की पडदा पाडायचा, ही आमची खूण. सात वर्षांपूर्वी गणेशोत्सवात मला पडसं झालं होतं. नायक विषाचा पेला ओठाला लावणार, तोच मला उबळ आली आणि पडदा खाली. नायक जिवंत राहिला. पुढच्या रांगेतल्या बायका डोळे पुसत म्हणाल्या, बरं झालं बाई, वाचला. मी गुणाजीवर भडकलो, तर म्हणतो कसा, "तुमी खोकलास, मी पडदो सोडलंय." चूक माझी होती, हे लेखी कबूल करतो. तोंडी करणार नाही.

कलम ३. आमचा नायक आणि अध्यक्ष श्यामसुंदर कोठारे, वय बावन्न, रंगमंचावर पंचवीस. त्याला काही ठेवत नाही. बावीस वर्षं त्याच्या तोंडात वाक्यं ठेवली, तेवढं पुरे.

कलम ४. हे मुख्य. माझ्या हातच्या सव्वीस नाटकांच्या नकला, कोण कुठे अडतो याच्या पेन्सिलीच्या खुणांसकट, माझी मुलगी कु. मृणालिनी हिच्या. माझ्यामागे विंगेतल्या स्टुलावर तिनेच बसावं. गेल्या महिन्यात हे कमिटीत मांडलं, तर श्यामसुंदर म्हणाला, "अरे मार्तंड, पोरगी विंगेत बसली तर लोक काय म्हणतील?" मृणालिनी तिथल्या तिथे म्हणाली, "काका, लोकांना मी दिसणारच नाही ना." तरी ठराव नापास. पोरगी त्या दिवशी जेवली नाही. मला ते फार लागलं.

म्हणून आता सांगून टाकतो. मार्चच्या प्रयोगाला माझा घसा पार बसला होता. तिन्ही अंक मृणालिनीने सांभाळले, मी नुसता शेजारी उभा होतो. पडद्यासाठी खोकलीही तीच. कुजबुजीत बाई कोण नि बाप्या कोण, कळत नाही. गुणाजीला कळलं होतं, पण तो गप्प राहिला. प्रयोगानंतर श्यामसुंदरने मला मिठी मारली. "आज कमाल केलीस रे, एकदाही अडलो नाही." ती शाबासकी मी गुपचूप घेतली, याची लाज वाटते.

कमिटीने तिला स्टूल नाकारलं तर एकही नक्कल मंडळीला मिळू नये. कोणाचं किती पाठ आहे, ते मग सगळ्या पार्ल्याला कळेल.

कलम ५. ऑपरेशनमधून मी वाचलो तरी कलम चार लागू राहील. दिवाळीच्या प्रयोगाला मला तिकीट काढून पहिल्या रांगेत बसायचं आहे. बावीस वर्षांत मी एकही नाटक समोरून पाहिलेलं नाही.

स्थळ : विलेपार्ले
रविवार, १४ ऑक्टोबर १९५६

सही : मार्तंड गोविंद टिल्लू

साक्षीदार :
१. विद्याधर जयवंत, शेजारी
२. श्यामसुंदर कोठारे (सगळं वाचलं. स्टूल मृणालिनीला. तिकीट काढू नकोस, पास देतो.)