पाणवठ्याचा पंप आणि झिंगूची खुर्ची

प्रिय अमरभाऊ,

जुबेरचा सलाम घे, रामरामही घे. जो आधी पोचेल तो ठेवून घे. काकूच्या गुडघ्याले आराम पडला का? इथी मोबाइलले रेंज नाई, म्हणून हे पत्र. मी मजेत आहे (वजन उतरलं, पण ते उन्हानं).

चंद्रपूरचं दुकान सोडून मी मोहर्लीजवळच्या जंगलातल्या एका रिसॉर्टात इलेक्ट्रिशियन लागलो. काम एवढंच, की पंपानं पाणवठा भरायचा. जनावरं पाणी पितात, पाहुणे फोटो काढतात. माझ्याआधी हे काम झिंगू करत होता. मागच्या उन्हाळ्यात तो तापानं गेला. त्याची लोखंडी खुर्ची पंपघरात तशीच आहे. (मी तिच्यावर बसत नाई. गादी नाई म्हणून.)

परवा भर दुपारी पंप आपोआप चालू झाला. पाणी काठावरून वाहून राह्यलं होतं. मी धावत पंपघरात गेलो, खटका खाली ओढला, तरी पंप चालूच! डबा उघडून पाहतो तर स्विचमधल्या दोन टिकल्या, जिथी करंट जुळते आणि तुटते, एकमेकीले चिकटून बसलेल्या. निव्वळ चांदीच्या होत्या, ठिणगीनं वितळल्या. फ्यूज काढावा म्हटलं, तर तो बाहेरच्या खांबावर, आणि खांबापाशी वाघ.

दरवाजाले कडी नाई. मी भिंतीले पाल चिकटते तसा चिकटलो. वाघ पाणी प्याला, मान वर केली आणि आत पाहू लागला. माझ्याकडे नाई, भाऊ. खुर्चीकडे. बराच वेळ पाहिलं, कान मागं पाडले, अन् पाठ न दाखवता एकेक पाय मागं घेत झाडीत गेला.

मग मी फ्यूज काढला आणि चांदी-टंगस्टनच्या टिकल्या बसवल्या. चांदी करंट नेते, टंगस्टन ठिणगीले दाद देत नाई, म्हणून त्या सहसा चिकटत नाईत. हे सारं मी स्वयंपाकघरातल्या चंदाबाईले मोठ्या ऐटीत समजावलं. ती तांदूळ निवडत होती.

"चिकटल्या म्हणून बंद नाई झाला, समजलं," ती म्हणे. "पण चालू काऊन झाला, बाबू?"

मी चहा न घेताच उठलो.

घरच्यांले सलाम.

तुझा
जुबेर

ता. क. – तू नोकरी पाहून राह्यला होतास ना? माझी जागा रिकामी होऊन राह्यली आहे. राहणं-जेवण फुकट, हवा चांगली. भीतीचं काईच नाई, वरचं सारं गमतीनं लिहिलं.

ता. क. २ – खात्री करावी म्हणून आज दुपारी स्विचच्या दोन्ही टिकल्या काढून आणल्या. कागद उडू नये म्हणून याच पत्रावर ठेवल्या आहेत. पंप आत्ताच चालू झाला. लवकर ये.