वहिनीला काय काय दिसतं

धरणगाव, ता. ३ डिसेंबर १९३४

चि. लोटन यास बेबाअक्काचे अ. आ.

तू शिरपुरास आहेस असं कळलं, अजून तिथेच असशील या आशेवर लिहिते. आपला अभिमनभाऊ कापसाच्या जिनातून महिन्याची रजा काढून सुंदरवहिनीला घेऊन तापीवर नावेतून फिरायला निघालाय. थाळनेरहून प्रकाशा गावापर्यंत, पडके किल्ले आणि जुनी देवळं बघत. नवस नाही, सोबत घरचं कोणी नाही. नवराबायको अशी नुसत्या मजेखातर हिंडलेली तू कधी बघितलीस का?

सुंदर पायाळू, जन्मताना पाय आधी आलेली. अशा माणसाच्या डोळ्यात अंजन घातलं की जमिनीतलं धन दिसतं, हे पोरासोरांनाही ठाऊक आहे. आणि भाऊने जळगावातून कुठूनशी काळ्या काचेची बाटली आणलीय, तिला कोणाला हात लावू देत नाही. धनाचा राखणदार काहीतरी मागतोच. कधी कोंबडं मागतो, कधी पायाळूच मागतो. लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही, म्हणून नानांनी थोरल्या लेकासाठी पहूरलाच दुसरी मुलगी बघून ठेवलीय. भाऊ नाही म्हणतो, पण पुरुषाच्या मनाचं काय सांगावं?

सुंदर माझी लहानपणची मैत्रीण, मीच हट्टाने तिला आपल्या घरात आणली. तिच्या जिवाला काही झालं तर मी कुठे तोंड दाखवू? तू त्या नावेत चढ आणि डोळे उघडे ठेव. वाटेत घोडे बघत बसू नकोस.

प्रकृतीला जप, आमचा विसर पडू देऊ नकोस.

तुझी बेबाअक्का

मुडावद, ता. ९ डिसेंबर

ती. स्व. सौ. बेबाअक्कास लोटनचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पावलं. थाळनेरला नाव गाठली. सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला चाललोय, तिथपर्यंत न्या म्हणून सांगितलं. ते खोटं पण नाही, यंदा काठेवाडी घोडे येणार म्हणतात, त्यात एक अबलख असा आहे की, असो. भाऊने कपाळाला आठ्या घातल्या. वहिनी मात्र हसली, म्हणाली की भावजी आले, आता नावेत भाकरी उरायची नाही. नाव हिलाल भोयाची आहे. त्याने मला मासा भाजायला शिकवलं. मीठ आधी लावायचं नाही बरं का, नंतर लावायचं.

अक्का, काहीतरी आहे खरं. थाळनेरच्या किल्ल्याची एक बाजू नदीने खाल्लीय, जवळच जुन्या राजांच्या कबरींचे घुमट आहेत. तिथे भाऊ वहिनीचा हात धरून, हो, हिलालदेखत हात धरून, दगडादगडाशी थांबतो आणि विचारतो की इथे काय दिसतं, तिथे काय दिसतं. ती सांगते की फूल आहे, वेल आहे. मग तो तिला मागे मागे नेतो आणि पुन्हा तेच विचारतो. ती गप्प बसली की त्याचं तोंड उतरतं. काल इथल्या कपिलेश्वराच्या देवळात ती एका कोपऱ्याकडे बघून गप्पच राहिली, तर भाऊ स्वतः जाऊन तिथला दगड चाचपून आला!

आणि रोज सकाळ-संध्याकाळ तिचं डोकं मांडीवर घेऊन त्या बाटलीतलं काहीतरी तिच्या डोळ्यात सोडतो, ओठातल्या ओठात पुटपुटतो. मी बाटलीकडे हात केला तर केवढ्याने ओरडला. हिलालला विचारलं, तर म्हणे आपले काय करनं शे, आपण नाव हाकानी.

कुदळ मात्र अजून कुठे दिसली नाही. उत्तर सारंगखेड्याच्या पोस्टात टाक.

तुझ्या मायेवरच माझं हिंडणं चाललंय, ती आटू देऊ नकोस.

तुझा लोटन

धरणगाव, ता. १२ डिसेंबर

चि. लोटनास अ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं. त्या कोपऱ्यात सुंदरला धन दिसलं असणार आणि ती भीतीने बोलत नसणार. मला राहवलं नाही, पहूरला जाऊन नानांना बठ्ठं सांगून टाकलं. नाना आधी भडकले, मग एकदम थंड झाले आणि धन साधारण किती असावं ते मलाच विचारायला लागले. ते आता प्रकाशाला निघालेत. सोबत त्या मुलीचा बाप रुपचंदआबाही आहे. म्हणतात की लेकाला जागेवर पकडतो आणि तिथेच दुसरं लगीन ठरवतो.

ते पोचेपर्यंत बाटली सुंदरच्या डोळ्यापाशी जाऊ देऊ नकोस. सरळ पाण्यात फेक.

काळजीत आहे, लवकर लिहावं.

बेबाअक्का

धुळे, ता. १८ डिसेंबर

ती. स्व. सौ. अक्कास शि. सा. न. वि. वि.

बाटली फेकली, प्रकाशाजवळ, भर धारेत. भाऊ मला मारायला उठला, पण मारलं नाही, नावेच्या काठावर बसून रडला. भाऊला रडताना तू पाहिलंस का कधी? मी नाही.

अंजन नव्हतं ते, अक्का. औषध होतं. वहिनीची नजर चाललीय. डावा डोळा गेलाच, उजवा फार तर उन्हाळ्यापर्यंत, असं डॉक्टर म्हणाला. औषधाने नुसती आग थांबते. कालच्यापेक्षा आज किती कमी दिसतं ते बघायला भाऊ विचारत होता. त्या कोपऱ्यात चांगली मूर्ती होती, वहिनीला ती दिसलीच नाही. आणि पुटपुटणं म्हणजे थेंब मोजणं.

वहिनी म्हणाली की आजवर चूल आणि भिंत बघितली, तापी कुठे जाते ते बघायचं होतं, जुन्या लोकांनी दगडात काय कोरून ठेवलंय ते बघायचं होतं, म्हणून यांनी नाव केली. सांगितलं कोणालाच नाही. सून आंधळी होणार हे नानांना कळलं की सवत दारात उभी.

आणि नाना तर काठावर उभेच! शेजारी रुपचंदआबा नवा फेटा बांधून. भाऊने तोंड उघडायच्या आत मी बोलून बसलो. म्हटलं, नाना, अक्काचं खरं आहे, वहिनीला धन दिसलं, पण जागा ती सांगत नाही आणि सवत आणली तर मरेपर्यंत सांगणार नाही. माझ्या तोंडाला कुलूप नाही, तुला माहीत आहे. वहिनीने पदर तोंडाला लावला, हसू दाबायला की रडू, देव जाणे. नाना बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग रुपचंदआबांना म्हणाले की यंदा काही योग दिसत नाही, आणि त्यांना जिलबी खाऊ घालून वाटेला लावलं.

सगळे पहूरला गेलेत. मी इथे औषधासाठी आलोय, तेच मिळालं. येताना सारंगखेड्यात तो अबलख बांधलेला दिसला. थांबलो नाही.

रागव, पण दोन ओळी टाकत जा.

तुझा लोटन

पहूर, ता. १५ जानेवारी १९३५

चि. लोटनास अ. आ.

संक्रांतीला इथे आले. तू आणलेल्या औषधाने सुंदरच्या डोळ्यांची आग थांबलीय. दिसणं मात्र रोज थोडं जातंय, काल तिळगूळ देताना तिने हात माझ्याऐवजी खांबाकडे केला. मी मान खाली घालून बसले होते, तर म्हणाली की तुझ्या संशयाने माझी सवत टळली, आता बस की हसून. आम्ही दोघींनी मग खूप हसून घेतलं.

नानांचं दूध, तूप आधी तिच्यापुढे जातं. दर सोमवारी धनाचं विचारत होते, ती म्हणायची की अजून वेळ आली नाही. या सोमवारी त्यांनी विचारलंच नाही.

लोटन, मला आता नानांचाच संशय येतो. परवा बघते तर ओट्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला, उंबऱ्याला, विहिरीच्या काठाला जाड पांढरा चुना. लांबूनही डोळ्यात भरेल असा, सुंदरही त्यावरून पायरी ओळखते. विचारलं तर म्हणाले की विंचू फार झालेत. आपल्या घरात विंचू कधी निघालाय, तूच सांग. भाऊ म्हणतो की मला भास होतात. नानांना मी काही विचारलेलं नाही, तूही विचारू नकोस.

होळीला नक्की ये. तोवर चुना पुसट होईल, पुन्हा लावायला कोणीतरी लागेल. नानांचे गुडघे आता वाकत नाहीत, तरी या खेपेला गडी घरात असून त्यांनी तो स्वतःच लावला.

आहे तो जिव्हाळा तसाच असू दे.

तुझी बेबाअक्का