ओलं बोट

परीक्षक महोदय,

परभणीच्या प्रदर्शनात माझ्या चित्रापुढं उभं राहून तुम्ही म्हणालात, "बाई, जलरंग कागदावर करायचे असतात. कॅनव्हासवर ते टिकत नाहीत." मग बोट जिभेला लावलंत आणि चारचौघांत चित्रातल्या माझ्या मायचा डोळा पुसून दाखवलात.

रंग निघतो हे मला ठाऊक आहे. म्हणूनच तर मला तो लय आवडतो. कागद रंग पिऊन टाकतो. कॅनव्हासवर तो वरच थांबतो, चुकलं तर ओल्या फडक्यानं टिपून पुन्हा करता येतं. पण काय पुसायचं हे मी ठरवणार. तुम्ही कोण?

त्या चित्रासाठी माझी माय, चन्नबसम्मा, आठ दिवस रोज सकाळी ओसरीत बसली होती. लाजून सारखी खाली बघायची.

काल तिनं तो डाग पाहिला. काय झालं ते मी सांगितलं. आज तुम्हाला लिहायला बसले, तर ती समोर येऊन बसली.

"पत्र राहू दे, रंग काढ," म्हणाली. "मी परत बसते. पण ह्या बारीला खाली बघणार न्हाई."

तेव्हा हे पत्र पोस्टात जाणार नाही. माय वाट बघायलीय.

ऋतुजा
सोनपेठ