आईनं वाचून दाखवलेले आकडे

प्रिय ग्लेन,

'प्रिय' हे हाताच्या सवयीनं लिहून गेलं, त्याचा फार अर्थ लावू नकोस. तुझे मेसेज मिळाले, सातही. त्यांत मी कजाग आहे, घरभेदी आहे आणि आईचे कान भरून मीच तिचं खातं बंद करवलं, असं तू लिहिलंयस. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. फोनवर उत्तर दिलं असतं तर दोन ओळी वाचून तू पुढे सरकला असतास, म्हणून वालारूच्या पोस्टातून कागद पाठवतेय. ॲडलेडमध्ये अजून पत्रं वाटतात असं ऐकते.

इथलं ठीक आहे. निळे खेकडे आलेत आणि धक्क्यावर उभं राहायला जागा नाही. आईच्या दुसऱ्या डोळ्याचाही मोतीबिंदू काढला. या वेळी मी नेलं तिला. पहिल्या डोळ्याला तू नेलं होतंस, आणि मी मूर्खासारखी सगळ्या गल्लीत सांगत फिरले, की ग्लेन सुधारला, आईसाठी रजा टाकून आला.

तू जुगाराच्या सरकारी बंदी-यादीत स्वतःचं नाव घातलंस त्या दिवशी आईनं मटण-बटाट्याचं सारण भरून पास्ट्या केल्या होत्या. आता देशातली कुठलीही ऑनलाइन पैजवाली कंपनी मला दारात उभं करणार नाही, असं तू पास्टी खाता खाता सांगितलंस. आई रडली होती. आणि त्यानंतर दोनच महिन्यांत तू तिच्याच नावानं खातं काढून दुसरं दार उघडलंस.

ते कसं, तेही आता मला कळलंय. पहिल्या ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तू तिला मोरीपुढच्या खिडकीशी, उजेडात बसवलंस. औषधांच्या सवलतीसाठी ओळख पटवायची आहे म्हणालास. तिनं केस विंचरले, लिपस्टिक लावली. तिचं ड्रायव्हिंग लायसन्स फोनपुढे धरलंस, मग तिला मान डावीकडे, उजवीकडे वळवायला लावलीस, डोळे मिचकावायला लावलेस. डोळ्यावरच्या पट्टीमुळे चेहरा जुळेना, तर ती पट्टी काढायला लावलीस. डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंत काढू नका म्हणून बजावलं होतं. चार वेळा मिचकावले बिचारीनं. डोळ्यातून पाणी वाहत होतं आणि तू म्हणत होतास, "अजून एकदाच, आई." तुझ्यासारखे पैज लावणारे मी पुष्कळ पाहिलेत. घर विकणारे पाहिले, बायकोची अंगठी विकणारे पाहिले. आईच्या ताज्या टाक्याचा डोळा वापरणारा तूच पहिला.

मग दर शनिवारी तुझे फोन सुरू झाले. खात्यात शिरायचं म्हटलं की तिच्या फोनवर सहा आकडे यायचे, आणि ते तुला वाचून दाखवायला ती हवी. आईचा शनिवार त्या फोनभोवती फिरायचा. आकडे वाचून झाले की ती घाईघाईत बाकीचं सांगायची: टाकीत पाणी किती आहे, शेजारच्या कुत्रीला पिल्लं झाली. तू किती ऐकायचास ते तुझं तुला ठाऊक.

मला हे सगळं कळलं ते ऑड्री मावशीच्या अंत्यविधीत. तू आला नाहीसच. भजन चालू असताना आईच्या पर्समध्ये फोन थरथरला आणि ती उठून चर्चच्या ओसरीत गेली. तिला भोवळ आली की काय म्हणून मी मागोमाग गेले. ती चष्मा पुसत होती. तुला सांगत होती, बाळा, मी चर्चमध्ये आहे, माझी बहीण आत पेटीत आहे. शांत जागा होती, तुझा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "आधी नंबर सांग, घोडे सुटतायत."

तिनं सांगितला. सहाही आकडे, सावकाश, चुकू नये म्हणून.

घरी आल्यावर माझा तोल गेला. "त्यानं तुला फसवलं, मूर्ख बनवलं," असं मी तिच्यावर ओरडत होते. आई काळा कोट काढून खुंटीला लावत होती. म्हणाली, "मला पहिल्यापासून ठाऊक होतं गं. कंपनीनं मला वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवल्या, वर एक पैज फुकट." डोळा तर तूच नीट करून आणला होतास, शहाण्या. तिला वाचता येणार नाही असं तुला वाटलंच कसं? मग आकडे का देत राहिलीस, असं मी विचारलं. ती म्हणाली, "ते विचारायला तरी तो फोन करायचा."

तर आता नीट वाच. दुसऱ्या दिवशी नाश्त्यानंतर तिनं लायसन्स काढलं, फोन घेतला आणि त्याच सरकारी यादीत स्वतःचं नाव घातलं. मी फक्त चहा केला. तिच्या फोनवर आकडे आले ते तिनं स्वतःलाच मोठ्यानं वाचून दाखवले आणि स्वतःच भरले. मुदत विचारली तेव्हा तिनं 'आयुष्यभर' निवडलं. जन्मात घोड्यावर दमडी न लावलेली बाई. पुढच्या शनिवारी तुझा फोन आला, तिनं 'बंद केलं' एवढंच सांगितलं आणि तू फोन आपटलास.

बंदी तिनं इतकी मनावर घेतलीय की बोल्स क्लबातल्या शुक्रवारच्या सोडतीचं तिकीटही ती घेत नाही. बक्षीस काय, तर चॉप्स आणि सॉसेजचं ताट. यादीत ते येत नाही म्हणून मी शंभरदा सांगितलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. तिकीटवाली टेबलाशी आली की ही सगळ्यांदेखत सांगते, मला नको, माझ्यावर बंदी आहे. लोकांना वाटतं, म्हातारपणी हिला जुगाराचा नाद लागला. ती त्यांना तसं वाटू देते. तुझं नाव काढत नाही.

माझं म्हणशील तर तुझं तोंड पाहायचीही मला इच्छा नाही. पण तू फोन आपटल्यापासून आज पाचवा शनिवार आहे. ती अकरापासून फोन मांडीवर घेऊन खिडकीशी बसलीय. चार्जिंग पुरेसं आहे ना, म्हणून दोनदा मला दाखवून गेली. मी म्हटलं, तूच लाव ना त्याला. तर म्हणाली, "नको. माझ्याशी बोलून त्याला आता काय मिळणार?" ग्लेन, मी तुझ्यापुढे कधी हात पसरले नाहीत आणि ज्याला मी कवडीचीही किंमत देत नाही त्याच्यापुढे पसरताना मला लाज वाटतेय, पण हे पत्र त्यासाठीच लिहिलंय. पुढच्या शनिवारी तिला फोन कर. तिच्याकडून तुला हवं असं आता काही नाही, तरीही कर.

तुझीच बहीण, इलाज नाही म्हणून,
लोर्ना