नसा सोडवताना

६ सप्टेंबर
अमेरिकेतल्या डुलुथ गावातला पहिला आठवडा, आणि नोकरी चक्क आवडली! मेडिकल कॉलेजचं तळघर टेकडीच्या उतारावर आहे, म्हणून खिडकीतून सरोवर दिसतं. ऑरिन म्हणाला, लोक नव्या गावात बेकरीत काम धरतात, माझी बायको प्रेतांत रमते. म्हटलं, हस खुशाल. आमचा निल्स गेल्यापासून नवरा पहिल्यांदाच हसला. चार वर्षांचं पोर, मेंदूज्वरानं गेलं. दवाखान्यात, काचेपलीकडे गेलं. मांडीवर घेऊ दिलं नाही मला.

काम असं: देहदान केलेल्या एका बाईची अख्खी चेतासंस्था मांसातून अखंड सोडवायची. मेंदू, पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू, तिथून बोटांच्या टोकापर्यंत गेलेल्या नसा. विद्यार्थ्यांना एका नजरेत कळावं, हुकूम कुठून खाली जातो आणि स्पर्शाची खबर कुठून वर येते. बाईचं नाव आम्हाला सांगत नाहीत. शिकवायला फिलिस आहे, इथली जुनी. तिची शिस्त अशी की चादर काढण्याआधी आज काय करणार ते बाईला सांगायचं आणि परवानगी मागायची. मला जरा हसू आलं, पण मागितली.

१४ सप्टेंबर
हातमोजे दोन-दोन घालायचा नियम आहे. पण बोटात शिरणारी नस दोऱ्याहून बारीक, चिमट्यात येते की तुटते ते कळतच नाही. फिलिस कॉफी आणायला गेली तेव्हा उजव्या हाताचे दोन्ही काढले आणि उघड्या बोटांनी नस उचलली.

कुणीतरी माझं बोट धरलं. इवलीशी मूठ. गरम, जरा चिकट, जॅम खाल्ल्यासारखी. मी किंचाळले नाही. अगं माझे बाई, मला रडू आलं!

फिलिसनं उघडा हात पाहिला आणि झाडलंच. म्हणाली, ते प्रेतं टिकवायचं फॉर्मॅलिन आहे, लिंबू सरबत नव्हे.

२३ सप्टेंबर
गरम तव्याला बोटं टेकली, वास आल्यावर समजलं. फिलिस म्हणते फॉर्मॅलिननं बधिर होतात, मोजे घाल म्हणून सांगत होते ना. पटलं. तरी मोजे घातले नाहीत.

आज बाईचं मनगट ते कोपर सोडवलं. कोपराच्या खोबणीत मुलाचं डोकं टेकलं. केस ओलसर होते. निल्सला घाम यायचा तसे.

४ ऑक्टोबर
आता समजलंय. बाईची जी नस सोडवते तिची खबर मला मिळते, आणि माझ्या त्याच जागेची माझी खबर बंद होते. व्यवहार सरळ आहे.

ऑरिननं जेवताना हात धरला होता म्हणे. मी मीठ मागत राहिले. त्यानं हात काढून घेतला तेही डोळ्यांनी दिसलं, तेव्हा कळलं. भांडला नाही. ताट उचलून सिंकपाशी गेला आणि पाठ करून उभा राहिला. मेल्यागत वाटलं मला.

११ ऑक्टोबर
ऑरिन म्हणाला, मार्लिस, ते काम सोड, परत जाऊ. म्हणाला, पोर गेलं, आता तू पण नको जाऊस गं. मी हो म्हटलं. सकाळी उठून कामावर गेले.

आज खांदा. मुलाची हनुवटी खांद्यावर. पण अंग गरम नाही, तापलेलं आहे.

१५ ऑक्टोबर
फिलिसला बाईबद्दल खोदून विचारलं. मग म्हणाली, नाव नाही सांगणार, पण बाईचं पोर तापानं तिच्या कुशीतच गेलं होतं, वर्षानुवर्षांपूर्वी. तेव्हापासून कुणाला अंगाला हात लावू दिला नाही तिनं.

म्हणजे बाईनं पोराचा हा स्पर्श जपून ठेवला होता. एवढंच. आणि मी परवानगी मागून मागून—

१९ ऑक्टोबर
छातीच्या नसा, मग चेहऱ्याच्या. मूल अंगावर पडून आहे. श्वास घेताना घरघर. सोडून द्यावं? कसं सोडू? निल्सला काचेतून पाहत राहिले. हे तरी हातात आहे. सोडलं तर दुसऱ्यांदा—

गाल गेले. ऑरिननं मुका घेतला. आरशात पाहिला.

२२ ऑक्टोबर
आता एकटी भटकी नस राहिली आहे. मेंदूतून निघून गळा, हृदय, पोट हिंडत जाते. फिलिस सांगते, हृदयाला सावकाश चाल म्हणणारी हीच. माझा रंग बघून म्हणाली घरी जा. तळघराची किल्ली काढून घेतली नाही तिनं. घ्यायला हवी होती.

२३ ऑक्टोबर
सोडवली—

पेन हातात आहे. बघून लिहिते आहे. ऑरिन तळघरात आलाय, मला पोटाशी धरलंय, पाठीवर हात फिरवतोय, हाका मारतोय. दिसतंय सगळं. ऑरिन, राजा, काही कळत नाही रे—

फक्त पोर. केवढं जड झालंय. हातपाय गार. घरघर थांबली— नाही, आहे. कान तोंडाशी नेला. आहे. आई आहे रे इथं, मांडीवरच आहेस, या वेळी मी— आहे. अजून आहे. अजू