कुत्र्याचं पथ्य

बाबा, तू रेडीच्या बंदरावरून शर्टात गुंडाळून आणलेलं ते पिल्लू आता चौदा वर्षांचं म्हातारं झालंय आणि मरायला टेकलंय. तू जाऊन तेरा वर्षं झाली, तेव्हा तुला हे कळवून काही होणार नाही हे मलाही समजतं. पण घरात आई आणि मी दोघीच. आईला कमी ऐकू येतं, आणि काही गोष्टी ओरडून सांगता येत नाहीत.

उन्हाळ्यात त्याची तहान वाढली. न्हाणीतली अर्धी बादली संपवायचा आणि पडवीत उभ्या उभ्या मुतायचा. मागचे पाय लटपटायला लागले, तोंडाला घाण वास यायला लागला. आई म्हणाली, "म्हातारपण ता, कोणाक चुकला नाय." तरी मी काजूच्या कारखान्यात रजा टाकली आणि रिक्षा करून त्याला सावंतवाडीला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. रक्त तपासून ते म्हणाले, दोन्ही किडन्या थकल्यात. मऊ भात, उकडलेला लाल भोपळा, अंड्यातलं पांढरं, हे थोडं थोडं करून दिवसातून चार वेळा द्यायचं. पाणी सतत भरलेलं ठेवायचं. मीठ अजिबात नाही, आणि सुकी मासळी तर दाखवायचीसुद्धा नाही. जन्मभर कालवणाच्या भातावर वाढलेल्या आपल्या कुत्र्याला!

मला हे पथ्य पाठ होतं, बाबा. तुझ्याही किडन्याच गेल्या होत्या. मी तुला मीठ न घातलेली पेज द्यायचे आणि तू वाटी ढकलायचास. "माका खाऱ्या बांगड्याचो एक तुकडो भाजून दी गो. एकच." मी नाही म्हणायचे. एकदा तू चिडून म्हणालास, "ही पेज त्या कुत्र्याक घाल, तो तरी खाता काय बघ." मी खरंच घातली, आणि त्यानं वाटी चाटून साफ केली. तू हसलास. त्या सगळ्या आजारपणात तू हसल्याचं मला तेवढं एकदाच आठवतं. मी मात्र हसले नाही. मला तुझा राग यायचा, वाटायचं तू जगायचं मनावरच घेत नाहीस.

तोच कुत्रा आता अळणी भाताला तोंड लावेना. भोपळा नाकानं बाजूला सारतो आणि माझ्याकडे बघत बसतो. तीन दिवस नुसत्या पाण्यावर काढले. पावसाळ्याची मासेमारी बंद, ताजी मासळी मिळेना, घरात होता तो मे महिन्यात वाळवलेला खारा बांगडा. आई म्हणाली, "तीन पाण्यांत भिजत घाल. मीठ जाता सगळा. दी तेका, जीव तळमळता तेचो." आपल्याकडे सगळ्याच बायका असं करतात, मीही करत आलेय. तीनदा पाणी बदललं, तुकडा जिभेवर ठेवून बघितला, मला अळणी लागला. जन्मभर खारं खाल्लेल्या जिभेला काय डोंबल कळणार? काटे काढून, कुस्करून भातात मिसळला. त्यानं ताटली सरकवत सरकवत सगळा भात खाल्ला आणि शेपटी हलवली. मला इतका आनंद झाला की दुसऱ्या दिवशीही तेच केलं, तिसऱ्या दिवशीही. अठरा दिवस मी त्याला तेच घातलं.

परवा पुन्हा रक्त तपासलं. "ताई, खारं चालू आहे का?" डॉक्टरांनी विचारलं. मी तीन पाण्यांचं सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "पाण्यानं वरचं मीठ जातं. आत मुरलेलं राहतंच." मग त्याच्या गळ्यातला पट्टा सैल करत म्हणाले, "आता पथ्य राहू दे. खाईल ते द्या." आज सकाळपासून मी त्याच्यापुढे बांगडा भाजून ठेवलाय. तो हुंगतही नाही. पडवीत भिंतीकडे तोंड करून पडलाय, पोट हलतंय का ते बघायला वाकावं लागतं. आई मला दोष देत नाही. पण त्याला मी मारलंय, बाबा, माझ्या हातानं, लाड करून.

हा कागद मी कुणाला दाखवणार नाही, आणि तुझ्यापर्यंत तो यायचा नाही, म्हणूनच एवढं लिहिते. "खाईल ते द्या" हे मी परवा पहिल्यांदा ऐकलं नाही. तू जायच्या दहा दिवस आधी तुझ्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून असंच सांगितलं होतं, जे मागतील ते द्या म्हणून. त्याचा अर्थ मला कळला होता आणि मला तो मानायचा नव्हता. मी आत आले, तर तू विचारलंस, "डॉक्टर काय म्हणता गो?"

मी म्हटलं, "पथ्य अजून कडक करूक सांगितल्यानी."