धामणीची अख्खी कात

मुरुड, वैशाख वद्य पंचमी

हे गेले, आता त्यांची पाळलेली धामणही उन्हाळ्यात तगणार नाही, असं सगळे म्हणत होते. आज धाकटे भाऊजी तिला माळावर सोडायलाच आले.

"वहिनी, लातूर वेगळा जिल्हा झाला तरी टँकर येईना, अन् तुम्ही सापाला पाणी घालता?"

वाया घालवते का मी? भाजी धुतलेलंच पाणी पोत्यावर शिंपडते, ते पोतं धामणीच्या पेटीच्या जाळीवर टाकते.

सकाळी पेटीत मिळालेली कात भाऊजींच्या हातात दिली. अख्खी, डोळ्यांवरच्या पापुद्र्यासकट. पेटी तापली, सुकली की तुकडेच निघतात. मागच्या उन्हाळ्यात ह्यांच्याकडेही तुकडेच निघाले होते.

"दादाला न्हाई जमलं हे," भाऊजी म्हणाले. माझ्याकडे अख्खी निघाली, अख्खी.

जाताना पोतं त्यांनीच ओलं केलं.